सुहासिनीबाईंच्या फियाटचं छप्पर

वाईची एसटी सातारच्या स्टँडात शिरली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सांगलीची गाडी समोरच लागलेली होती, पण सुहासिनीबाई तिच्याकडे वळल्या नाहीत. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या पंधरवडाभर माहेरी होत्या. मध्येच एकदा त्यांचे यजमान हरिभाऊ फोनवर म्हणाले होते, "आपल्या वरदच्या लग्नाआधी तुझी फियाट रंगवून घेतोय. साताऱ्यात 'राजहंस' म्हणून चांगला कारखाना मिळालाय." बाईंना फार बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या गाडीसाठी हरिभाऊंनी आपणहून काही करावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. तेव्हा साताऱ्यात उतरलोच आहोत तर गाडी ताब्यात घेऊ आणि आपणच चालवत घरी जाऊ, असा बेत त्यांनी एसटीतच पक्का केला होता.

ही फियाट त्यांच्या वडिलांची. नाना वाईला जनावरांचे डॉक्टर होते. नाव नोंदवून कित्येक वर्षं वाट बघितली तेव्हा कुठे ती त्यांना मिळाली, आणि मिळाल्यावर त्यांनी तिला बसू म्हणून दिलं नाही. कुणाची म्हैस अडलीय, कुणाच्या बैलाचं पोट फुगलंय, की निघाले. जाताना मागच्या सीटवर औषधांची पेटी, येताना कुणी प्रेमानं दिलेले भोपळे. एकदा एका बिथरलेल्या खोंडानं डाव्या दारात शिंग घुसवलं, तो पोचा नानांनी मुद्दाम काढला नाही. "तो बरा झाला, दार नाही झालं," असं सांगून हसायचे. सुहासिनी कॉलेजात असताना त्यांनी तिला पसरणीच्या घाटात गाडी शिकवली. हात थकले तेव्हा गाडी तिच्या नावावर करून दिली. जावयाच्या नाही, लेकीच्या.

तेव्हापासून सांगलीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई स्वतः गाडी चालवत यायच्या. सुरुवातीला लोक वळून बघायचे. सत्त्याण्णव सालापर्यंत बघणाऱ्यांच्या मुली लुना चालवायला लागल्या आणि बघणं थांबलं.

रिक्षावाल्यानं त्यांना गावाबाहेर 'राजहंस मोटर' अशी कमान असलेल्या कारखान्यापाशी सोडलं. आवारात पाच-सहा गाड्या होत्या. करड्या रंगाची फियाट कुठेच दिसेना. मधोमध एक लालभडक, बिनछपराची, चाकांना चकचकीत तबकड्या लावलेली गाडी उभी होती. तिच्यात पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ बसून हॉर्न वाजवून बघत होते. बाई त्या गाडीला वळसा घालून पुढे गेल्या. आणि थबकल्या.

स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरला म्हशीच्या शिंगाची, हातानं घासलेली काळी मूठ होती. मेणवलीच्या एका म्हाताऱ्यानं, म्हैस वाचली म्हणून, स्वतः करून नानांना दिलेली.

बाईंनी डावं दार बघितलं. पोचा लांबी लावून बुजवून टाकला होता. त्यावर लाल रंग. आणि दाराच्या वर जिथे खिडकी, खांब, छप्पर असायला हवं, तिथे सरळ आभाळ.

"उतरा," त्या म्हणाल्या.

गृहस्थ दचकले. "आं?"

"गाडीतून उतरा. माझी गाडी आहे ही."

ते निमूट उतरले. आप्पासो त्यांचं नाव, राहणार विटा. सोनं गाळायचं दुकान लांब दक्षिणेत, पण लेकाचं लग्न गावी काढलेलं. "आमास्नी काय ठावं न्हाई, बाई," ते म्हणाले. "मालक सांगलीचे हायत, येवडंच सांगितलं. आमी पाच नंबर बघाया आलो."

"कसला पाच नंबर?"

तोवर कारखान्याचे मालक लालासाहेब बाहेर आले. दुबईला एका मोठ्या गॅरेजात काही वर्षं काढून परतलेला माणूस, अंगावर फुलांचा शर्ट, बोलणं मधाळ. "वहिनी! अहो, कळवायचं तरी. हरिभाऊंना तर तुम्हाला चकित करायचं होतं." मग त्यांनी बॉनेटवर ठोकलेली पितळी पट्टी दाखवली. 'राजहंस. पाचपैकी पाचवी.'

"अशा गाड्या जगात पाचच," लालासाहेब म्हणाले.

"परवापर्यंत अशी एकच होती," बाई म्हणाल्या.

लालासाहेबांना ते ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं तरी सोयीचं नसावं. त्यांनी बाईंना ऑफिसात नेऊन भिंतीवरची चित्रं दाखवायला सुरुवात केली. परदेशी मासिकांतून कापलेली पानं, वर काच. जमिनीला पोट टेकून बसलेल्या, उघड्या, रंगीत गाड्या. इटलीत दोन कंपन्यांचं हाडवैर, ते रंगात येऊन सांगू लागले. एकीचं चिन्ह घोडा, दुसरीचं बैल. घोडेवाल्यांचा हिशेब असा की गिऱ्हाईक जेवढं असेल त्यापेक्षा एक गाडी कमीच काढायची. एक माणूस तरी हात चोळत बसला पाहिजे, तरच ज्यांना मिळाली त्यांना मजा. त्यांच्या त्या गाडीचं छप्पर काढायचं आणि घरी ठेवून निघायचं. वाटेत पाऊस आला तर डोक्यावर ओढायला एक कापडी चिरगूट. बैलवाल्यांनी काय केलं, छप्पर उचलून मागे इंजिनाच्या झाकणावरच बसवायची सोय केली. म्हणजे डौलही राहिला आणि डोकंही कोरडं.

"आपलं धोरण घोडेवाल्यांचं," लालासाहेब म्हणाले. "पाच म्हणजे पाच. पन्नास जणांना नाही म्हणून सांगितलंय. ही अशी गाडी वरातीत निघाली की..."

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. "तुमच्या घोडेवाल्यांनी छप्पर घरी ठेवलं. बैलवाल्यांनी पाठीवर घेतलं. फेकून कुणीच दिलं नाही. माझं छप्पर कुठाय?"

लालासाहेबांचं हसू जरा पातळ झालं. "वहिनी, तुम्हाला हरिभाऊंनी सगळं सांगितलेलं दिसत नाही. वरदच्या वरातीला गाडी तुमची. त्यानंतर ती आमच्याकडे येणार, आणि तुम्हाला नवी कोरी मारुती. शब्द झालाय आमचा."

आता बाईंना उमगलं. रंगवायला नव्हे, बदलून टाकायला दिली होती. जुन्या साड्यांवर भांडी घ्यावीत तशी.

"शब्द कुणी दिला?"

"हरिभाऊंनी. घरच्या कर्त्या माणसानं."

"गाडीवर नाव कुणाचं आहे ते विचारलंत?"

"आता नवरा-बायकोत असलं कोण विचारतं? तुमचं आपसातलं आपसात बघा. इथं आमच्या गिऱ्हाइकापुढं..."

पायाखालची फरशी तापावी तसा बाईंना राग आला. लालासाहेबांचा आला, त्याहून जास्त घरी बसलेल्या माणसाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या 'आपसात' शब्दाचा आला. त्या ऑफिसातून तडक बाहेर आल्या.

आप्पासो अजून गाडीपाशीच उभे होते, ओशाळलेले. "बाई, राग नका धरू," ते म्हणाले. "आमचं दुकान म्हंजे एक खोली. म्होरं भट्टी, ॲशिडाचा धूर. पंखासुदीक लावत न्हाई, सोन्याचा कण उडंल म्हनून. हयात गेली त्यात. ह्या गाडीत बसलो आन वाटलं, मोकळं झालो गड्या. आन पावन्याकडं चार नंबर हाय, मग आपल्याकडं पाच नगं का?"

भट्टीचं ऐकताना बाईंचा चेहरा थोडा निवळला होता. पाहुण्याच्या चार नंबरावर तो पुन्हा घट्ट झाला. "मोकळं व्हायचंय तर आपली गाडी कापा," त्या म्हणाल्या, आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या. किल्ली आप्पासोंनी लावलेलीच होती.

लालासाहेब धावत येऊन गाडीपुढे उभे राहिले. "असं नेता येणार नाही!"

"मग पोलीस बोलवा. नाहीतर मी बोलावते. नावावर कुणाच्या ते तेच बघतील. आणि छप्पर आणा."

कारखान्यातले कामगार आता हातातली कामं टाकून जमले होते. कुणीतरी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे करड्या रंगाचं छप्पर भिंतीला तिरकं टेकवलेलं होतं, आणि त्याच्या सावलीत कारखान्याच्या कुत्रीनं पिल्लं घातली होती. बाई जनावरांच्या डॉक्टरची लेक. त्यांनी आधी पिल्लांवर दुसरा पत्रा टाकायला लावला, मगच छप्पर उचलू दिलं. चौघांनी ते आणून मागच्या सीटवर आणि डिकीवर उताणं घातलं, काथ्यानं बांधलं. लालासाहेब बाजूला झाले. भर आवारात, विट्याच्या गिऱ्हाइकासमोर, पोलिसांची गाडी येऊन उभी राहणं त्यांना परवडणारं नव्हतं.

उंब्रजपर्यंत बाई काही विचार करू शकल्या नाहीत. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला डावं दार आपोआप उघडत होतं. छपरासकट गाडीचा कणाच काढून घेतला होता, खालून कसला आधार दिलेला नव्हता. उंब्रजला त्यांनी पिशवीचा बंद तोडला आणि दार बांधून टाकलं. पदर डोक्यावरून घेऊन गळ्याशी गाठ मारली.

कराड मागे पडलं, आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. त्यांना मजा वाटायला लागली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वडांच्या फांद्या डोक्यावरून जात होत्या. इतकी वर्षं ह्या रस्त्यानं त्या गेल्या, फांद्या कधी दिसल्याच नव्हत्या, बुंधेच दिसले होते. पाणी दिलेल्या उसाचा थंड वास एकदम अंगावर यायचा आणि निघून जायचा. पेठ नाक्यावर वळताना वरून एक घार त्यांच्याबरोबर चालली. ट्रॅक्टरवरची पोरं आरोळ्या देत होती. एका बाईनं डोक्यावरचा भारा तसाच धरून मान वळवली आणि मनापासून हसली. सुहासिनीबाईंनाही हसू आलं. नाना असते तर? नाना असते तर बहुतेक म्हणाले असते, अगं, हे आधीच का नाही केलं!

पण नानांना विचारलं असतं कुणीतरी. हा विचार आला आणि हसू जिथल्या तिथे विझलं. ह्या आनंदात त्या पितळी पट्टीचा काय संबंध होता? आपल्यासारख्या पाच आहेत की पाच हजार, हे त्या घारीला कुठे माहीत होतं? आणि एवढं सुख उघड्यावर पडलेलं असताना ते आपल्या पदरात टाकायलासुद्धा ह्या लोकांना आपल्या पाठीमागून यावं लागलं! आवडतंय म्हणून त्यांचा संताप दुप्पट झाला. आष्टा येईपर्यंत त्या मोठमोठ्यानं हरिभाऊंशी भांडत होत्या, एकट्याच, उघड्या गाडीत.

घरी हरिभाऊ आणि वरद अंगणात आले. वरद पुण्याला इंजिनिअर, सुटीवर आलेला. लाल गाडी बघून तो आनंदानं ओरडला, "आई! चालवत आणलीस? कसली दिसतेय ना!"

"दार सोडव," बाई म्हणाल्या.

मग वरदला बांधलेलं दार दिसलं, मागचं उताणं छप्पर दिसलं, आणि आईचं तोंड दिसलं.

"तुला सरप्राइज द्यायचं होतं," तो पुटपुटला. "पुण्यात हल्ली सगळ्यांच्या वराती..."

"मारुती येणार होती ना? कुणाच्या नावावर?"

वरदनं वडिलांकडे बघितलं. हरिभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. विमा कार्यालयात ते मवाळ स्वभावासाठी प्रसिद्ध होते. "वरदच्या," ते म्हणाले. "त्याला आता लागेलच ना गाडी. तुझी तर जुनी झाली होती, सुहास. मला वाटलं, तुला आवडेल."

"आवडली!" सुहासिनीबाई कडाडल्या. "तेच तर! येताना आवडली मला. आता काय करू, आभार मानू? माझ्या वडिलांची गाडी, माझ्या नावची. पंधरा दिवस पाठ फिरवली तर तिचं डोकं उडवून आणलंत आणि वर मलाच सांगताय, चांगली दिसते म्हणून? फोन होता की घरात. एक वाक्य विचारायला जीभ झडत होती?"

शेजारच्या गॅलऱ्यांत माणसं आली होती. हरिभाऊ हळूच म्हणाले, "आत चल, लोक बघतायत."

"बघू देत. उघडी गाडी बघायसाठीच असते ना?"

छप्पर परत बसवायचं हे त्यांनी रस्त्यातच ठरवलं होतं. मिरज रस्त्याला केरबाचं खोपट होतं. केरबा मूळचा ट्रॉल्या बांधणारा, पण भंगारातल्या जीपा आणून, कापून, वर ताडपत्रीचं हूड चढवून विकण्यात त्याचा हातखंडा. साताऱ्याच्या लालासाहेबाचं नाव काढलं की थुंकायचा.

"तो पाच गाड्या करनार आन पन्नास मानसांस्नी न्हाई म्हननार," तो बाईंना म्हणाला. "मी न्हाईच म्हनत न्हाई. पैलवान येवू दे, पुढारी येवू दे, वरात येवू दे, ज्याला पायजे त्याला उगडी गाडी. ऊन लागलं तर हूड वढायचं. बोला, तुमाला कसलं हूड बसवू?"

"हूड नको. हे छप्पर होतं तसं जोडा."

केरबानं छपराकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "आवं बाई, आजवर समदी छप्पर काढायलाच आली. लावाय सांगनारं गिऱ्हाईक पयलंच!" त्याचे डोळे चमकले. "करतो. पर एक अट. गाडीच्या मागं बोर्ड लावनार. 'साताऱ्यानं कापली, सांगलीनं जोडली.' खाली माजं नाव."

बाईंना वाटलं, आता इथेच बसून रडावं. जो येईल त्याला ही गाडी स्वतःच्या जाहिरातीलाच हवी. "केरबा," त्या म्हणाल्या, "बोर्ड लावलात तर तो काढून तुमच्याच डोक्यात घालीन."

"ऱ्हायलं," केरबा म्हणाला, आणि कामाला लागला.

जोडलेली गाडी पहिल्यासारखी काही झाली नाही. खांबांवर वेल्डिंगचे वळ राहिले, डाव्या कोपऱ्यातून पाणी गळायचं, आणि वेग वाढला की कुठेतरी काहीतरी कुरकुरायचं. रंग मात्र बाईंनी पुन्हा करडाच लावून घेतला. वरदची वरात केरबाच्याच एका जीपमधून निघाली, झेंडूच्या माळा लावून. बाई लग्नात कुठेही कमी पडल्या नाहीत. सुनेची ओटी भरली, विहिणींना मानपान केला, हसल्या, जेवल्या. फक्त यजमानांशी कामापुरतं बोलल्या, आणि ते पुढे बरेच महिने चाललं.

पुढच्या वर्षी आप्पासो अचानक घरी आले. हातात पेढे, तोंड कडू. "बाई, तुमी बरं केलं," ते म्हणाले. लालासाहेबांनी त्यांना दुसरीच एक गाडी पाचवी म्हणून दिली होती, आणि मग मागणी फार आली म्हणून आणखी किती काढल्या त्याला गणतीच राहिली नव्हती. "आमच्या गावात तीन झाल्या! तिन्हीवर पाच नंबर! लोक हसत्यात वो." त्यांचा संताप खरा होता. बाईंनी त्यांना चहा दिला. मात्र त्यांच्या दुःखात सामील होणं त्यांना काही जमलं नाही.

आणि मग नव्व्याण्णवच्या थंडीत, सगळ्या सांगलीला आश्चर्य वाटावं असं त्यांनी केलं. स्वतःच्या पगारातून केरबाकडून एक उघडी जीप घेतली. भंगारातून उठवलेली, हिरवी, दारंच नसलेली. शाळेत त्या फियाटनंच जायच्या. सुटीच्या दिवशी मात्र जीप बाहेर निघायची.

हरिभाऊ तोवर निवृत्त झाले होते. एका रविवारी ते बाईंबरोबर तासगावला निघाले. दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव, गार वारा, राहिलेले चार केस उडतायत. हरिभाऊ फार खुशीत आले. खुशीत येऊन म्हणाले, "छान वाटतं गं! मग त्या वेळी एवढं आकांडतांडव कशाला केलंस? तुला उघडी गाडीच तर हवी होती."

जीप थांबली.

"उतरा," बाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी घरात वावरतेय तुमच्यासमोर, आणि तुम्हाला वाटलं भांडण छपराचं होतं? उतरा म्हणते ना!"

हरिभाऊ उतरले. जीप धूळ उडवत तासगावकडे गेली आणि परत आली नाही. बेदाण्याच्या शेडवरच्या एका माणसानं त्यांना पाणी दिलं आणि एसटी कुठे थांबते ते दाखवलं. संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुऊन पानावर बसले. बाईंनी वाढलं.

आठवडाभरानं बाई मंडईला निघाल्या, जीप सुरू केली. हरिभाऊ पिशवी घेऊन पायरीपाशी आले आणि नेहमीसारखे चढायच्याऐवजी तिथेच उभे राहिले. थोडे घुटमळले.

"मी... येऊ का बरोबर?" त्यांनी विचारलं.

बाईंनी शेजारची सीट हातानं झटकली.

"या," त्या म्हणाल्या. मंडई येईपर्यंत एवढंच. राग गेला होता असं कुणी समजू नये. पण वळणावर हरिभाऊ कलंडायला लागले तेव्हा त्या गाडी सावकाश घेत होत्या.